बसस्टँडचा गेम केलाय, पण टॉकबॅक मुकाच

खानापूरचा_पिंट्या:
मंडळी, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा मोबाईल गेम केलाय. बेळगाव स्टँडवर उभं राहायचं आणि आपली बस पकडायची, एवढंच. माझ्या आतेभावाला दिसत नाही, त्याच्यावरनंच सुचलं. बसचा बोर्ड कानडीत असो का मराठीत, त्याला दोन्ही सारखेच, भांडणं आपली. तो कंडक्टरच्या "खानापूर, खानापूर" वर चढतो. गेममध्येही तेच ठेवलंय. पण त्याच्या फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) चालू असला की मेनूवर बोट फिरवलं तरी अक्षर बोलत नाही, आणि स्वाइप केलेलं गेमला कळतच नाही. रविवारी दहा मिनिटं चाचपून त्यानं फोन परत दिला, "तुझी बस रद्द झालीया वाटतं." काय करू?

निपाणीकर:
युनिटीचा मेनू टॉकबॅकला दिसतच नाही रे, त्याच्या लेखी अख्खा स्क्रीन म्हणजे एक चित्र. कुठलं बटण कुठं आहे, नाव काय, हे तूच सांगायचं असतं. युनिटी ६ मध्ये त्याची सोय आहे, अँड्रॉइड-आयफोन दोन्हीला. जुन्या व्हर्जनवर असशील तर यूएपी हे युनिटीला जोडायचं फुकटचं प्लगइन बघ. स्वाइप टॉकबॅक स्वतःच खातो. खेळापुरता तो बंद करायला सांग. शॉर्टकट चालू असेल तर दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद दाबून होतो. मग पुढचं सगळं गेमनंच मराठीत बोलावं.

कानसेन:
दादा, "सगळं बोलावं" इथंच गाडी चुकते. मला जन्मापासून दिसत नाही, गेम रोज खेळते. "डावीकडे बस आली" असं ती मशिनातली बाई सांगत बसली की बसचं इंजिन तिच्याखाली दबतं. डावीकडची बस डाव्या कानात वाजू दे की! पुढची आणि मागची मात्र हेडफोनवर सारखीच लागते, म्हणून मागचीचा आवाज भिंतीआडून आल्यासारखा दबका कर. हेडफोन वायरचाच. ब्लूटूथवर आवाज पोचेपर्यंत बस खानापूर गाठते.
२०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या गेममध्ये एक बटण दाबलं की आपलं तोंड पुढच्या वाटेकडे वळतं, चालायचं आपण. तसं तुझ्या गेममध्ये बटण दाबल्यावर कंडक्टर आणखी एकदा ओरडू दे. दार आमचं आम्ही शोधतो.

खानापूरचा_पिंट्या:
निपाणीकर दादा, प्लगइन टाकलं, मेनू बोलायला लागला. ताई, बाईला गेममधनं उतरवलं. कंडक्टरचं ओरडणं इथंच, गावच्या स्टँडवर रेकॉर्ड करून घातलं. आतेभावानं एकदाच ऐकलं आणि म्हणाला, "हे बेळगावचं न्हवं. मागं कावळा ऐकू येतोय की." उद्या सकाळी साडेनऊला बेळगाव स्टँडवर फोन घेऊन उभा राहणार आहे.