कोळसून कोल्हा नव्हे, कुत्राच

कोळसून ही कोल्ह्याची जात, असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. तो रानकुत्रा. शब्दातल्या 'सून'मध्येच कुत्रा बसलाय: संस्कृत श्वन्, प्राकृत सुणह, जुन्या मराठीत सुणें. कोकणीत तर सुणें आजही रोजच्या बोलण्यात आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि प्राणिअभ्यासक कर्नल साइक्सने १८३१ साली दख्खनच्या या प्राण्याचं वर्णन केलं, तेव्हा मराठी नाव म्हणून 'कोळसून'च नोंदवलं.

आमच्याकडे ताडोब्याच्या बाजूला गुराखी त्याला शीळ घालण्यावरून ओळखतात. गावच्या कुत्र्यासारखा तो भुंकत नाही. कळप पांगला की ही रानकुत्री एकमेकांना शीळ घालून गोळा होतात. झुडपाआडून ती बारीक, तुटक शीळ आली की आमचे म्हातारे गुराखी बोलणं अर्धवट सोडून आधी वासरं मोजतात.