ध्वनीचं ऑस्कर योग्य घरी गेलं

ऑस्करविजेत्या चित्रपटांच्या चर्चेत 'झोन ऑफ इंटरेस्ट ह्या चित्रपटात काही घडतच नाही' हे एकाचं मत वाचून राहवलं नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझंही हेच मत होतं. पण रविवारची दुपार, दादरची आमची चाळ, शेजारी मिक्सर, खाली भंगारवाल्याची आरोळी. सुरुवातीला पडदा नुसता काळा राहतो, तेव्हा मी नेट गेलं समजून राउटर तपासून आलो!

नंतर एकदा रात्री हेडफोन लावून पाहिला. पडद्यावर नाझी अधिकाऱ्याचा बंगला, बाग, मुलांचा दंगा. भिंतीपलीकडे नाझींची आउश्वित्झची छळछावणी, आतलं काहीच दाखवत नाहीत. ऐकू मात्र येतं: गोळ्या, किंकाळ्या आणि भट्टीची घरघर. घरातली बाई शांतपणे कैद्यांकडून लुटलेला फरचा कोट घालून आरशात बघते, तिथे मी पॉज करून पाणी प्यायलो. २०२४ च्या ऑस्करला 'ओपनहायमर' १३ नामांकनांपैकी ७ पुरस्कार घेऊन गेला, पण ध्वनीचा 'झोन'ला मिळाला. अगदी रास्त.

'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'ला १० नामांकनं आणि हाती भोपळा, त्याचं वाईट वाटलं. तरी साडेतीन तास जरा जास्तच झाले. 'बार्बी' एकदा बघायला ठीक.

'परफेक्ट डेज'चा उल्लेख कुणीच कसा केला नाही? टोकियोतली सार्वजनिक शौचालयं साफ करणारा माणूस खालची बाजू स्वच्छ झाली का, ते छोटा आरसा धरून बघतो. परदेशी चित्रपटाच्या गटात हाही 'झोन'पुढे हरला. माझं मत मात्र ह्यालाच.