घरातल्या उजेडात धावत्या बाळाचे फोटो: पहिला डीएसएलआर कोणता?

कवडसा
नमस्कार मंडळी. पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) घ्यायचाय, बजेट बेताचं आहे. लेक दीड वर्षाची, एका जागी टिकत नाही. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात फोनने काढलेल्या फोटोंत तिचे हात नुसते पुसल्यासारखे दिसतात. दोन पर्याय बजेटात बसतायत: नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि सोबत १८-५५ व ७०-३०० मिमीच्या झूम लेन्स, किंवा वापरलेला निकॉन डी३५०० आणि ३५ मिमी एफ/१.८. दुसऱ्यात झूम नाही, म्हणून मन कच खातंय.

तिपाई
दुसराच घ्या. १८-५५ ही किट लेन्स (बॉडीसोबत मिळणारी) ३५ मिमीवर साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. एफ/१.८ मधून तिच्या सहापट उजेड आत येतो. म्हणजे किट लेन्सने शटर १/३० सेकंद मिळत असेल, तिथे हिने आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) न वाढवता १/२०० च्या आसपास मिळेल. धावतं मूल १/३० ला हलणारच, बॉडी कितीही नवी असो. ७०-३०० तर खोलीत निरुपयोगी, ती मोकळ्यावरची, उन्हातली लेन्स.

५० मिमीचा मोह होईल. पण डी३५०० च्या लहान सेन्सरवर (उजेड टिपणारी चिप) ती ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे सगळं जास्त जवळ दिसतं, मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते. ३५ मिमी घरात बरोबर बसते.

एक मात्र नक्की बघा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे डी३५०० साठी लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं हवं. जुनी, मोटर नसलेली एएफ-डी बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. तुमच्या लेकीमागे ते जमणं फार कठीण.

रानवाट
मिररलेस (आरसा नसलेला, नव्या धाटणीचा कॅमेरा) का नको? डोळा ओळखून फोकस धरणाऱ्या बॉडी आहेत. मुलांच्या फोटोंत त्याने खूप फरक पडतो.

तिपाई
खरंय, पैसे ताणता येत असतील तर जरूर घ्यावा. पण बॉडीवर सगळं खर्चून पुन्हा किट लेन्सच वापरायची असेल, तर अंधाराचा प्रश्न तिथेच राहतो.

कवडसा
पटलं. वापरलेला घेताना काय तपासू?

तिपाई
आधी लेन्स. दोन्ही झाकणं काढून पलीकडून टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, तिथेच व्यवहार थांबवा. थोड्या धुळीचं काही नाही, फोटोत ती दिसत नाही. सेन्सरसाठी एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस घालवून, फोटो काढा. काळे ठिपके बहुधा धुळीचे असतात, साफ होतात. शटर किती वेळा चाललंय तो आकडा निकॉनमध्ये मूळ फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये साठवलेली माहिती) सापडतो. विकणाऱ्याकडून ताजा, न बदललेला फोटो मागून घ्या. डी३५०० चं शटर १ लाखापर्यंत तपासलेलं आहे. त्याच्या जवळ गेलेली बॉडी मी घेणार नाही.

घरी आणल्यावर फोकस एएफ-सी वर (हलत्या गोष्टीवर सतत फोकस धरतो), शटर १/२०० च्या खाली नाही, आयएसओ ऑटो. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनच काढा. या कॅमेऱ्यात मागच्या पडद्यावर बघून काढताना फोकस संथ होतो. पहिले फोटो इथे टाका, बघायला आवडेल.