पोर्तुगालचे १९७४ हे वर्ष : लष्कर, गाणी आणि गोवा

ठाकूरद्वार

नमस्कार. गिरगावातील आमच्या अभ्यासमंडळात दर महिन्याला युरोपातील एका देशाचे एकच वर्ष निवडून त्या वर्षाचे राजकारण आणि सांस्कृतिक जीवन एकत्र मांडण्याचा उपक्रम चालतो. पुढील बैठकीसाठी माझ्याकडे पोर्तुगालचे १९७४ हे वर्ष आले आहे. २५ एप्रिलला लष्करातील कनिष्ठ अधिकाऱ्यांनी उठाव केला, पंतप्रधान मार्सेलो काएतानो यांनी त्याच संध्याकाळी शरणागती पत्करली आणि सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुले खोवलेली छायाचित्रे जगभर गेली, एवढा तपशील कोणत्याही पुस्तकात मिळतो. त्यापुढच्या दोन गोष्टींचा उलगडा मला होत नाही. हुकूमशाहीचा शेवटचा आधार लष्करच असतो. मग १९२६ पासून सलग अठ्ठेचाळीस वर्षे टिकलेली ही राजवट तिच्याच लष्कराने एका दिवसात कशी पाडली? दुसरे असे की, आपल्याकडील लेखनात गोवामुक्तीची हकीकत १९ डिसेंबर १९६१ ला संपते. तिचा या पुढच्या घडामोडींशी काही संबंध जोडता येतो का, की ती केवळ आपली ओढ आहे? सांस्कृतिक बाजूबद्दलही कोणी विस्ताराने लिहिले तर आभारी राहीन.

मांडवीकाठ

संबंध नक्की जोडता येतो. माझे आजोळ डिचोलीचे असल्यामुळे मी हा विषय जिव्हाळ्याने वाचत आले आहे, तरीही हे केवळ जिव्हाळ्यापोटी म्हणत नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सीमेवर जमले, तेव्हा त्या वेळचे पोर्तुगीज पंतप्रधान सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांना तारेने कळवले की तह किंवा शरणागती यांचा विचारही करू नये, पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील नाही तर मरतील. हाताशी अपुरे सैन्य, जुनी शस्त्रे आणि विमानदलाचा पूर्ण अभाव असताना या आज्ञेचा अर्थ एकच होता. वासालो ई सिल्व्हा यांनी ती पाळली नाही, शरणागती पत्करली आणि आपल्या माणसांचे तसेच पणजीसारख्या शहराचेही प्राण वाचवले. त्याचे फळ त्यांना मायदेशी मिळाले. युद्धकैदी १९६२ मध्ये परतले तेव्हा त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले आणि १९६३ मध्ये वासालो ई सिल्व्हा यांना लष्करातून बडतर्फ करण्यात आले. निर्णय सरकारचा आणि नामुष्की मात्र सैनिकांच्या माथी, हा धडा पोर्तुगीज अधिकाऱ्यांची ती पिढी कधीच विसरली नाही.

आता पश्चिम आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहत गिनी-बिसाऊ १९७३ मध्ये पाहा. तेथील स्वातंत्र्यलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांची त्या वर्षी जानेवारीत हत्या झाली, तरी त्यांच्या पक्षाचा लढा थांबला नाही. उलट सोव्हिएत बनावटीची, खांद्यावरून डागता येणारी विमानविरोधी क्षेपणास्त्रे बंडखोरांच्या हाती आली आणि आकाशावरील पोर्तुगीज वर्चस्व संपले. तेथील राज्यपाल जनरल स्पिनोला यांनी वाटाघाटींची परवानगी मागितली होती, तेव्हा काएतानो यांनी त्यांना सांगितले होते की दहशतवाद्यांशी करार करण्यापेक्षा सन्मानाने लष्करी पराभव पत्करलेला बरा. हे वाक्य ऐकणाऱ्या कप्तानांना गोवा आठवला नसता तरच नवल. आपल्यालाही अशक्य आज्ञा मिळणार आणि पराभव झाला की दोष आपल्यावरच येणार, ही भीती कप्तानांच्या गुप्त बैठकांत उघडपणे बोलली जात होती.

चळवळीची पहिली ठिणगी मात्र नोकरीतल्या गाऱ्हाण्याची होती, हे लपवण्याचे कारण नाही. जुलै १९७३ मध्ये सरकारने एक हुकूम काढून सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना अल्प प्रशिक्षणानंतर कायम सेवेत घेण्याची सोय केली आणि लष्करी प्रबोधिनीतून रीतसर शिकून आलेल्यांची ज्येष्ठता धोक्यात आणली. सप्टेंबरमध्ये एव्होरा शहराजवळच्या एका शेतावर अधिकारी जमले ते यासाठी. पण अंगोलात १९६१ पासून, गिनीत १९६३ पासून आणि मोझांबिकमध्ये १९६४ पासून लढत असलेली ही माणसे ज्येष्ठतेच्या यादीवर थांबणे शक्यच नव्हते. काही महिन्यांतच चर्चा युद्धावर आणि युद्धावरून राजवटीवर आली. हुकूमशाहीचा आधार लष्कर असते हे आपले म्हणणे बरोबरच आहे. मात्र तो आधार तेरा वर्षे तीन आघाड्यांवर झिजवला, तर तो आधार राहत नाही.

जुनी कात्रणे

मांडवीकाठ यांनी कारणे उत्तम मांडली आहेत. मी त्या दिवसाबद्दल आणि गाण्यांबद्दल लिहितो, कारण या वर्षात राजकारण आणि संस्कृती वेगळी काढताच येत नाहीत.

उठावाचा संकेत रेडिओवरील दोन गाण्यांनी दिला गेला. पहिले गाणे पाउलो दि कार्व्हाल्यो यांचे, २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लागले. ते साधे प्रेमगीत होते आणि त्याच महिन्याच्या ६ तारखेला ब्रायटन येथील युरोव्हिजन स्पर्धेत पोर्तुगालतर्फे गाऊन शेवटच्या क्रमांकावर आले होते. (ती स्पर्धा स्वीडनच्या ॲबा या चमूने जिंकली.) कोणालाही संशय येऊ नये म्हणूनच ते निवडले गेले. दुसरे गाणे मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी कॅथलिक चर्चच्या मालकीच्या रेडिओ केंद्रावरून लागले, आणि ते साधे नव्हते. झोझे अफोन्सो यांचे ‘ग्रांदोला’ हे गीत अलेंतेजो या शेतमजुरांच्या प्रदेशातील एका गावाबद्दल आहे. त्याची सुरुवात रेतीवर तालात पडणाऱ्या पावलांच्या आवाजाने होते आणि त्या गावात जनताच सर्वाधिकारी आहे असे त्यात म्हटले आहे. अफोन्सो यांच्या अनेक गाण्यांवर बंदी होती, हे एक सेन्सॉरच्या हातून निसटले होते. २९ मार्चला लिस्बनच्या एका मोठ्या सभागृहात ते गायले गेले, तेव्हा श्रोते उभे राहून त्यात सामील झाले होते, आणि त्या श्रोत्यांत चळवळीतील काही अधिकारीही होते. पाहता पाहता त्या वर्षाचे राष्ट्रगीत म्हणावे असे स्थान त्याला मिळाले.

दिवसभरातील एक प्रसंग बैठकीत अवश्य सांगावा. सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन आलेले कप्तान साल्गेरो माया त्या वेळी केवळ २९ वर्षांचे होते. ताग्युस नदीकाठच्या रस्त्यावर सरकारशी एकनिष्ठ असलेले रणगाडे त्यांच्या समोर येऊन उभे राहिले. माया हातात पांढरा रुमाल धरून एकटेच बोलणी करायला पुढे गेले. ब्रिगेडियरने गोळीबाराची आज्ञा दिली. एका कनिष्ठ अधिकाऱ्याने ती नाकारली, त्याला अटक झाली. मग तीच आज्ञा थेट रणगाड्यातील तोफचालकाला दिली गेली आणि त्यानेही ती पाळली नाही. राजवट माझ्या मते तेथेच संपली. कार्मो चौकातील ज्या बराकीत काएतानो आसऱ्याला गेले होते तिचा वेढा आणि संध्याकाळची शरणागती हा त्यानंतरचा उपचार होता. तोवर चौकात एवढी माणसे जमली होती की काहीजण झाडांवर चढून बसले होते.

फुलांबद्दल एवढेच, की सेलेस्ते कायरो नावाची उपाहारगृहात काम करणारी एक स्त्री, उपाहारगृहाच्या वर्धापनदिनासाठी आणलेली आणि उठावामुळे पडून राहिलेली कार्नेशन घेऊन घरी निघाली होती. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली; ती नव्हती, म्हणून तिने फूल दिले.

त्याच दिवशी ‘रिपुब्लिका’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापले की हा अंक कोणत्याही सेन्सॉर समितीने पाहिलेला नाही. सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीने कापलेला मजकूर ज्यांनी जन्मभर वाचला, त्यांना ही एक ओळ केवढी वाटली असेल याचा विचार करावा. ७ मे रोजी बारेनो, होर्ता आणि व्हेल्यो दा कोश्ता या तीन लेखिका निर्दोष सुटल्या. स्त्रियांच्या देहाबद्दल आणि दास्याबद्दल त्यांनी मिळून लिहिलेले पुस्तक अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरण्यात आला होता. न्यायाधीशपद आणि परराष्ट्रसेवा ही दोन्ही दारे पोर्तुगीज स्त्रियांना याच वर्षी उघडली. १० जूनला बेलेम येथे ४८ कलावंतांनी एक प्रचंड भित्तिचित्र सर्वांसमक्ष रंगवले, हुकूमशाहीच्या प्रत्येक वर्षासाठी एक कलावंत. ते चित्र १९८१ च्या आगीत नष्ट झाले याची मला फार हळहळ वाटते. फादो या गायनप्रकाराच्या वाट्याला मात्र त्या वर्षी उपेक्षा आली. जुन्या राजवटीचे संगीत असा शिक्का त्यावर बसला आणि अमालिया रॉद्रिगिश यांच्यासारख्या थोर गायिकेवरही आरोप झाले. हे मला अन्यायाचे वाटते.

ठाकूरद्वार

दोघांचेही मनापासून आभार. तोफचालकाचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. ही क्रांती पूर्णपणे रक्तहीन होती असे म्हणावे का? आणि वर्षअखेरीस भारत व पोर्तुगाल यांच्यात गोव्याविषयी करार झाला, त्याबद्दल थोडे कळेल का?

मांडवीकाठ

पूर्णपणे रक्तहीन म्हणू नये. गुप्त पोलिसांच्या लिस्बनमधील मुख्यालयासमोर जमलेल्या लोकांवर आतून गोळीबार झाला आणि त्यात चार जण मृत्युमुखी पडले. फुलांच्या छायाचित्रांपुढे ही चार माणसे विसरली जातात, ते योग्य नाही.

या पोलिसांचा आणि आपला संबंध जवळचा आहे. उठावानंतर लगेच काशियास आणि पेनिश येथील तुरुंगांतून राजकीय कैद्यांची सुटका झाली. पेनिशच्याच किल्ल्यात गोव्याचे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी शिक्षा भोगली होती. पुढे ते मुंबईत राहून कार्य करत राहिले आणि १९५८ मध्ये येथेच वारले. काशियासला सांगलीचे मोहन रानडे होते. सारा गोवा मुक्त झाल्यावरही ते तुरुंगातच राहिले आणि जानेवारी १९६९ मध्ये सुटले. आपल्या बैठकीत ही दोन नावे घेतली जावीत अशी माझी विनंती आहे.

करारावर ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत सह्या झाल्या. पोर्तुगालतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांनी, जे आठच महिन्यांपूर्वी पॅरिसमधील विजनवासातून रेल्वेने लिस्बनला परतले होते. भारतातर्फे सही केली यशवंतराव चव्हाण यांनी, ज्यांच्याकडे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये परराष्ट्र खाते आले होते. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने या कराराने मान्य केले. त्याचबरोबर पोर्तुगीज भाषा, संस्कृती आणि तेथील ऐतिहासिक व धार्मिक वास्तू यांच्या जतनाची तरतूदही त्यात झाली. तेरा वर्षे लिस्बन ज्या वास्तवाकडे पाहायलाही तयार नव्हते, ते कागदावर आले ते लिस्बनमधले सरकार बदलल्यामुळे. वासालो ई सिल्व्हा यांनाही उठावानंतर लष्करात त्यांचे पद परत मिळाले.

शीव_पूर्व

चर्चा मोलाची आहे, पण एक गोष्ट आग्रहाने मांडतो. गोव्याचा धागा खरा असला तरी त्याला मूळ कारणाचे स्थान देऊ नये. लिस्बनची राजवट पाडली ती आफ्रिकेतील लढ्यांनी, आणि तेथे मेलेल्यांत आफ्रिकी माणसांची संख्या पोर्तुगीज सैनिकांपेक्षा कितीतरी अधिक होती. २५ एप्रिलनंतरही वसाहतींचे स्वातंत्र्य आपोआप आले नाही. नवे अध्यक्ष झालेल्या स्पिनोला यांच्या मनात पोर्तुगाल आणि वसाहती यांचा मिळून एक संघ करण्याची योजना होती. सक्तीने भरती झालेल्या सैनिकांनी आता लढायला नकार दिला आणि स्वातंत्र्यलढ्यांच्या नेत्यांनी पूर्ण स्वातंत्र्याखेरीज काहीही स्वीकारले नाही, म्हणून २७ जुलैच्या कायद्यात स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य करावा लागला. ७ सप्टेंबरला लुसाका येथे मोझांबिकबाबत करार झाला, १० सप्टेंबरला गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळाली आणि ३० सप्टेंबरला स्पिनोला यांनी राजीनामा दिला. ठाकूरद्वार यांनी वेळेची वाटणी करताना एप्रिलच्या एका दिवसाइतकाच वेळ या सप्टेंबरलाही द्यावा, आणि काब्राल यांच्याबद्दल स्वतंत्रपणे बोलावे. मुंबईत त्यांचे नाव फारच कमी जणांना ठाऊक आहे.