दातांचे रबर फक्त रात्री लावले तर चालेल का?

प्रश्न (देवगड)
नमस्कार. वरचे दात खालच्या दातांपेक्षा बरेच पुढे असल्यामुळे माझ्या १४ वर्षांच्या मुलीला ब्रेसेस लावले आहेत. आता कणकवलीच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर लावायला सांगितले आहे. शाळेत बोलताना अवघडल्यासारखे होते म्हणून ती दिवसा रबर काढून ठेवते आणि भरपाई म्हणून रात्री प्रत्येक बाजूला दोन-दोन लावते. यामुळे उपचार केवळ लांबेल, की काही अपायही होईल?

उत्तर (रत्नागिरी, दंतवैद्य)
ताई, दोन-दोन रबर लावणे आजच थांबवावे. दात सरकतो तेव्हा त्याच्या मुळाभोवतीचे हाड एका बाजूने विरत जाते आणि दुसऱ्या बाजूने नवे तयार होते. या क्रियेला हलका पण सतत ताण लागतो, आणि म्हणूनच २० ते २२ तास रबर लावण्याचा आग्रह असतो. ताण दुप्पट केल्याने दात दुप्पट वेगाने सरकत नाही. उलट मुळाभोवतीचा रक्तपुरवठा दबून दात अडून राहू शकतो, दुखणे वाढते, मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो आणि खालची दाढ नको तितकी वर ओढली जाऊ शकते. दिवसभर ताण नसला की रात्री सरकलेले दात मागे फिरू लागतात, त्यामुळे ते नुसते हलत राहतात आणि दुखतात. जेवताना व दात घासताना रबर काढावे, पण लगेच पुन्हा लावावे.

उत्तर (मालवण)
माझ्या मुलाने हे सारे केले आहे. पहिले तीन-चार दिवस जबडा दुखतो, बोलणेही अडखळते. नंतर सवय होते. दप्तरात रबरांची एक पुडी आणि छोटा आरसा कायम असू द्या, कारण एकाच बाजूचे रबर तुटले आणि तसेच राहिले तर ताण असमान होतो. लाळेत रबराची ओढ काही तासांतच कमी होऊ लागते, म्हणून रोज नवे लावावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुडी खिडकीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. खाजे आणि फणसपोळी मात्र उपचार संपेपर्यंत बंद, कारण त्यांनी ब्रेसेस निघून येतात.

प्रश्नकर्ती (देवगड)
आपले दोघांचे मनापासून आभार. तिच्या ओठांना रबराने थोडी खाजही येते. पुढच्या भेटीत हे सांगावे का?

उत्तर (रत्नागिरी, दंतवैद्य)
भेटीची वाट न पाहता आजच फोन करावा आणि तोपर्यंत रबर लावू नये. ही लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी असू शकते. लॅटेक्स नसलेली रबरेही मिळतात. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घेताना त्रास झाला, तर तातडीने रुग्णालय गाठावे. दिवसा रबर काढले जात होते हेही फोनवर मोकळेपणाने सांगावे. फरक दिसला नाही, तर रबर नियमित लावले आहे असे धरून डॉक्टर अधिक ताणाचे रबर देऊ शकतात, आणि तिला त्याची गरज नसेल.