स्पोर्ट्स बाईकमुळे कंबर धरते, काय करू? बजेट ५ हजार

इंद्रायणीकाठ
नमस्कार मंडळी. रोज पिंपळे सौदागर ते चाकण एमआयडीसी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा रस्ता, जाऊन-येऊन पन्नास किमीच्या आसपास. बाईक दीडशे सीसीची, फुल फेअरिंग (म्हणजे चहूबाजूंनी प्लास्टिकचं आवरण), क्लिप-ऑन म्हणजे खाली बसवलेलं हँडल, फूटरेस्ट मागे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथं नाव घेतलं की कंपन्यांवरून भांडण लागतं आणि प्रश्न राहतो बाजूला. वय २९, उंची ५ फूट १०, वजन ६६. पाठीवर सॅक, त्यात लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली. पावसाळ्यापासून कंबरेच्या खालच्या भागात दुखतंय. मोशी येईपर्यंत सुरू होतं आणि चाकणच्या तळेगाव चौकात अडकलो की कळच मारते. कंपनीत उतरल्यावर लगेच ताठ उभं राहता येत नाही. सुट्टीच्या दिवशी काहीच नाही. बाईक हौसेनं घेतलीय, हप्ते चालू आहेत, विकायची नाहीये. ५ हजारात काय होईल? सीट, हँडल, पट्टा, काहीही चालेल. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

अण्णा_कोल्हापूर
भावा एवढा विचार कशाला, ती वाकून बसायची गाडी काढ आणि स्प्लेंडर घे. आमच्या घरात तीन स्प्लेंडर झाल्या, बाबा अजून तिच्यावरनंच दूध घालायला जातात, वय साठच्या पुढं, कंबर दुखली म्हणून कधी बोलले नाहीत. हँडल उंच, सीट लांब, पाय सरळ खाली. लागतंय काय आणखी माणसाला. ॲव्हरेज बघितलास तर हप्ता त्यातनंच सुटंल.

घाटवेडा_३५०
स्प्लेंडर गावात ठीक आहे हो, हायवेला शेजारून कंटेनर गेला की हलते. मी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० वर पनवेल ते सावंतवाडी एका दिवसात जातो, कशेडी, परशुराम सगळे घाट चढून, आणि संध्याकाळी उतरून सरळ जेवायला बसतो. १९५ किलोची गाडी, खड्ड्यात उडत नाही. एकदाच पैसे घाला, पण चांगली वस्तू घ्या.

इंद्रायणीकाठ
दोघांचेही आभार. पण बजेट ५ हजार आहे आणि गाडी विकायची नाही.

मीनल_ठाणे
मी सांगते कारण मी यातून गेलेय. आधी ऑनलाइन जेलची गादी घेतली होती, वरून पट्ट्याने बांधायची. ती सरकते. ब्रेक मारला की आपण गादीसकट टाकीवर जातो, मग हातांवर जोर देऊन मागे सरकायचं, दिवसभर हाच उद्योग, त्याने कंबर जास्तच दुखायला लागली. शेवटी आमच्या इथल्या कुशनवाल्याकडून मूळ सीटचाच फोम बदलून घेतला, १८०० रुपये रेक्झिनसकट. दोन गोष्टी त्याला नीट समजावून सांगा. एक म्हणजे फोम जास्त डेन्सिटीचा हवा, मऊ नको. मऊ फोम दुकानात अंगठ्याने दाबून फार छान वाटतो पण अर्ध्या तासात पार बसतो आणि खालचा कडक बेस लागायला लागतो. दुसरं, स्पोर्ट्स बाईकच्या सीटला पुढे उतार असतो, तो जमेल तेवढा सपाट करायला सांगा म्हणजे घसरणं थांबेल. आणि रेक्झिन चढवायच्या आधी त्याच्यासमोर गाडीवर बसून बघा, नंतर तो पुन्हा उघडत नाही.

अण्णा_कोल्हापूर
स्प्लेंडरला ह्यातलं काहीच लागत नाही.

हेमंत_रायझर
सीटने काही होणार नाही, मूळ दुखणं हँडलचं आहे. रायझर टाका, म्हणजे हँडल उंच करणारे तुकडे. मी टाकलेत, हँडल इंचभर वर आणि थोडं मागे आलं, २६०० ला पडले लेबरसकट, आता मी त्याच गाडीवर महाबळेश्वर करतो पुण्याहून आणि माझ्या ग्रुपमधले सगळे विचारतात कसं जमतं. फक्त बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं, टाकीला किंवा फेअरिंगला बोटं चेमटत नाहीत ना, क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकचा होज ताणला जात नाही ना. होज ताणला तर लांब होज घ्यायचा, तिथं पैसे वाचवू नका. ॲक्सिलरेटर पण बघा, काही गाड्यांना हँडल वळवलं की केबल ओढली जाऊन आपोआप रेस वाढते.

कायद्याचं_बोला
रायझर सुचवणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले बोट ठेवतील.

हेमंत_रायझर
कलम ५२ सायलेन्सर आणि चॅसीसाठी लावतात. हँडल इंचभर वर केल्याची पावती आजवर कुणाला मिळालेली मी बघितली नाही.

कायद्याचं_बोला
पावती मिळाली नाही म्हणजे कायदा नाही असं होत नाही. मी लेखी क्लेमबद्दल बोलतोय.

हेमंत_रायझर
मग क्रॅश गार्ड, मोबाईल होल्डर, मागची बॉक्स, सगळंच काढा.

देशपांडे_काका_निवृत्त
आपण दोघे वेगळा धागा काढा. रस्त्यांच्या खात्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, निम्मी कंबरदुखी स्पीडब्रेकरची आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक गोलाकार, गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ किमी वेगाने गाडी अलगद वर जाऊन खाली येते. आपल्याकडे सोसायट्या आणि शाळांपुढे फूटभर रुंदीचे डांबराचे उंचवटे घालतात, त्यावर कुठलीही गाडी दणकाच देणार. वर ना पांढरे पट्टे ना आधी फलक. महापालिकेकडे तक्रार करा, फोटोसह करा, आणि पाठपुरावा सोडू नका. बाकी तरुण मुलांनी असल्या गाड्या घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

टायर_आणि_ट्यूब
पाच हजार राहू द्या, आधी शून्य रुपयांचं काम करा. तुमचं वजन ६६, मागे कुणी बसत नसेल तर मागचा शॉकअप कुठल्या खाचेवर आहे ते बघा. स्प्रिंगच्या टोकाला पायऱ्या असलेली रिंग असते, ती आकड्याच्या पान्याने फिरते, बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये हा पाना येतो आणि तो कुणी कधी काढत नाही, सर्व्हिसिंगला एखादा मेकॅनिक डबलसीट धरून कडक करून ठेवतो आणि मालकाला वर्षभर कळत नाही की प्रत्येक खड्डा स्प्रिंगऐवजी आपण खातोय. एक-एक खाच सैल करून रोजच्याच रस्त्यावर चालवून बघा. दुसरं हवा. पेट्रोल पंपावर "किती" असं विचारतात आणि आपण "भरा चाळीस" म्हणतो. चेनकव्हरजवळ किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगळे आकडे असतात, सकाळी टायर थंड असताना तेवढीच भरायची. गरम टायरला मोजली तर आकडा जास्त दिसतो.

मीनल_ठाणे
शॉकअपचं मला माहीतच नव्हतं, उद्याच बघते.

पट्टा_वापरा
कमरेचा पट्टा घ्या मेडिकलमधून, ७०० ला येतो, प्लेटवाला घ्या. मी सकाळी घालतो ते रात्री जेवताना काढतो. एकदम टाईट. त्याशिवाय आता मला गाडीवर बसवतच नाही.

गौरी_फिजिओ
शेवटचं वाक्य परत वाचा, "आता बसवतच नाही". हेच नको आहे. दुखणं जोरात असताना चार दिवस, प्रवासापुरता पट्टा वापरला तर हरकत नाही. दिवसभर आणि महिनोन्‌महिने घालून राहिलात तर पोटाचे आणि पाठीचे स्नायू स्वतःचं काम पट्ट्यावर सोडतात.

आता इंद्रायणीकाठ, तुमच्याबद्दल. वाकून बसणं मुळात वाईट नाही, वाकता कुठून हे महत्त्वाचं. खुब्यातून पुढे वाकलात तर कणा बऱ्यापैकी सरळ राहतो. पण बहुतेक जण ढुंगण मागे कलतं सोडतात आणि कमरेतून पाठ गोल करून हँडल गाठतात. गोल झालेल्या कमरेवर खड्ड्याचा दणका बसला की मणक्यांमधल्या चकत्या पुढच्या बाजूने चेपल्या जातात. तुम्ही लिहिलंय चौकात जास्त दुखतं, ते अगदी बरोबर आहे. वेगात असताना वारा छातीला थोडा टेकू देतो, ट्रॅफिकमध्ये तो नसतो, सगळा भार मनगटांवर आणि कमरेवर येतो, त्यात पाठीवर सॅक. तेव्हा पहिलं काम, सॅक अंगावरून काढा. मागच्या सीटवर बंजी दोरीने किंवा टेल बॅगमध्ये बांधा. मागच्या खिशात पाकीट असेल तर तेही काढा. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल ठेवा. हँडलवरचे हात कोंबडीच्या पंखांसारखे हलवता आले पाहिजेत, हलत नसतील तर वजन हातांवर आहे. सिग्नलला ताठ बसा, थांबलेल्या गाडीवर वाकून राहायचं कारण नाही. मोठा खड्डा दिसला की फूटरेस्टवर जोर देऊन बूड जरासं उचला.

घरी रोज सेतुबंधासन, मार्जारासन, कोपरांवर प्लँक, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग. भुजंगासन बऱ्याच जणांना बरं वाटतं, पण करताना कळ पायात उतरली तर थांबवा. आणि हे नीट वाचा: दुखणं गुडघ्याच्या खाली उतरतंय, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे, पाऊल उचलताना अडखळतं, असं असेल तर सीट-हँडल सोडा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. जांघेत, बैठकीच्या जागी बधिर वाटलं किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

घाटवेडा_३५०
बुलेटवर हे सगळं लक्षात ठेवावंच लागत नाही, माणूस आपोआप ताठ बसतो.

गौरी_फिजिओ
ताठ बसलात की खालून आलेला दणका सरळ कण्यातून वर जातो, हेही लक्षात ठेवा. स्कूटरवर तेच होतं, पाय पुढे फळीवर असतात, बूड उचलता येत नाही आणि चाकं लहान. ॲक्टिव्हावाले पेशंट माझ्याकडे स्पोर्ट्स बाईकवाल्यांपेक्षा कमी नाहीत.

नाशिकचा_नंदू
वरचे सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण कुणीच सांगितलं नसेल म्हणून सांगतो, टायरची हवा तपासा. चाळीस भरतात पंपावर. फार फरक पडतो.

अण्णा_कोल्हापूर
ॲक्टिव्हाबद्दल ताईंशी सहमत. म्हणून स्प्लेंडर.

इंद्रायणीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पायात मुंग्या वगैरे काही नाहीत, गौरीताई. शॉकअप खरंच सगळ्यात कडक खाचेवर होता, दोन खाचा सैल केला. हवा स्टिकरप्रमाणे केली. सॅक मागे बांधतो. सिग्नलला ताठ बसतो. मोशीपर्यंत आता काही होत नाही, चाकणला थोडं भरून येतं पण पूर्वीसारखी कळ नाही. पैसे अजून एक रुपया गेला नाही.

टायर_आणि_ट्यूब
बघा. आता तिथंच ठेवा, अजून सैल करू नका, डबलसीट असेल तेव्हा परत दोन खाचा वर.

हेमंत_रायझर
आता रायझर टाका म्हणजे चाकणचं पण जाईल.

मीनल_ठाणे
नाही, आता सीट. शॉकअप सैल केला तरी घसरणं थांबत नाही, मला कालच जाणवलं.

गौरी_फिजिओ
व्यायाम महिनाभर करा, मग काय विकत घ्यायचं ते ठरवा.

इंद्रायणीकाठ
शेवटचं लिहितो. मी बाईक एक्स्चेंजला देतोय. ऑफिसमधल्या एका सीनियरची ॲव्हेंजर २२० क्रूझर शनिवारी चालवून बघितली, चाकण ते खेड आणि परत. पाय पुढे सोडून, पाठ मागे टाकून बसायला मिळालं, हँडल आपणहून हाताशी येतं. मला आवडली. त्यांना विकायचीच आहे, एकच मालक, कागद क्लिअर. जुनीचं कर्ज फेडून वर थोडे घालावे लागतील, बजेटचं गणित गेलं ते मान्य. बायकोला पण मागे नीट बसता येईल, या गाडीवर ती बसायलाच तयार नव्हती. रोज टाकीवर वाकून जायची मला आता इच्छाच राहिली नाही.

गौरी_फिजिओ
निर्णय तुमचा, पण क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे अंगाचं सगळं वजन बैठकीवर आणि माकडहाडावर येतं, आणि खड्ड्यात बूड उचलायला पायाखाली आधारच नसतो. शनिवारची एक फेरी आणि रोजची ये-जा यात फरक आहे. घ्यायच्या आधी सोमवारी सकाळी, तुमच्या वेळेला, नाशिक फाट्यापासून चालवून बघा. व्यायाम त्या गाडीवरही करायचेच आहेत.

घाटवेडा_३५०
माझ्या मेहुण्याकडे क्रूझर होती, दापोलीहून आला की खुर्चीत बसता यायचं नाही. त्यापेक्षा त्याच पैशात थोडे घालून क्लासिक.

टायर_आणि_ट्यूब
फुकटात बरं होत होतं की हो. असो, घेतलीत तर तिच्या मागच्या दोन्ही शॉकअपची खाच सारखी ठेवा, एक वर एक खाली नको.

अण्णा_कोल्हापूर
जुनी किती सालची आहे आणि एक्स्चेंजला किती देतायत? त्यापेक्षा दोन हजार जास्त देतो, चुलत भावाला तसलीच वाकायची गाडी पाहिजे म्हणतोय. मेसेज करा.