आधी डेटाबेस, मग नोड

रिॲक्ट (वेबसाइटचं दिसणारं पान बनवायचं साधन) चांगलं येतं, आता नोड आणि एक्सप्रेस (सर्व्हरची बाजू लिहायची साधनं) उरकलं की फुल-स्टॅक, म्हणजे दोन्ही बाजू सांभाळणारे, झालो, असं तुम्ही म्हणताय. मला ते पटत नाही. नोडमध्ये जावास्क्रिप्टच असल्यामुळे तो भाग लवकर जमतो. गाडी अडते ती डेटाबेसपाशी. ऐरोलीत आमच्याकडे मुलाखतीला येणारी बरीच मुलं एपीआय (पान आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीचा कोड) झटपट लिहितात, पण दोघांनी एकाच क्षणी शेवटची सीट बुक केली तर काय, असं विचारलं की गप्प होतात. तिथे ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही), रो लॉक (एकाचं काम होईपर्यंत ती ओळ दुसऱ्याला बदलू न देणं), युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा न होऊ देणारा नियम) लागतात. पानावरचं बुकिंगचं बटण डिसेबल करून ते सुटत नाही, कारण रिक्वेस्ट तुमच्या पानाला वळसा घालूनही येऊ शकते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस टाकून घ्या, एका टेबलात दहा लाख ओळी भरा आणि एखादी ओळ शोधणाऱ्या क्वेरीआधी 'एक्सप्लेन ॲनालाइझ' लावून बघा; डेटाबेसने ती कशी चालवली आणि किती वेळ लागला ते दिसतं. 'सेक स्कॅन', म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचणं, दिसला की ज्या कॉलमवरून शोधताय त्यावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय) टाका आणि पुन्हा चालवा. वेळेतला फरक समोर आकड्यांत दिसतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये व्हिडिओ जरूर बघा, पण हे हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही, हे अगदी कळकळीने सांगतोय.

आणि नोकरी सोडून कोर्स लावू नका. सध्याच्या टीममध्येच एखादा छोटा एपीआय मागून घ्या.